तिकीट न काढलेल्याचं मत

वागादुगूत, उघड्यावरच्या थेटराच्या भिंतीला लागून
माझं पार्किंग. दोनशे मोपेडी,
सीटवर खडूने आकडा, तोच आकडा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर,
शंभर फ्रँक. हरवला तर भांडण.
माझं नाव नोआगा. म्हणजे कोंबडा. हसून घ्या.

नऊ वर्षांत एकही सिनेमा पाहिला नाही मी
आणि एकही चुकला नाही.
भिंतीवरून आवाज येतात: गोळी, गाय, सासू,
मग एकदम शांत, म्हणजे कुणी कुणाला जवळ घेतलंय.
उरलेलं लोक सांगतात, किल्ली चाचपता चाचपता.

परवाचा तो विहीर खणणाऱ्याचा.
"अर्ध्यापर्यंत ठीक," सालिफू म्हणाला,
"पुढे नुसतं पाणी घातलंय."
"विहिरीचा आहे, पाणी येणारच," सावादोगो मास्तर म्हणाले.
ते दहाव्या मिनिटाला झोपतात
आणि शेवटावर सगळ्यांत जास्त बोलतात.
पोकोचे डोळे लाल. धूळ गेली म्हणाली.
फेब्रुवारीत इथे हवेपेक्षा धूळ जास्त,
तिला खोटं कोण पाडणार?
कॉलेजातला इसूफ हेल्मेट घालता घालता म्हणे,
"तो प्रकाश! नोआगा, तो संध्याकाळचा प्रकाश!"
मी म्हटलं, बाबा, मी चाळीसच्या बल्बखाली बसतो.

मांस भाजणारी आवा कुणालाच काही विचारत नाही.
लोक गप्प खातात तो सिनेमा चांगला,
तिखट जास्त मागतात तो वाईट.
"हा?"
"तिखट संपलं," ती म्हणाली, "पण पोको जेवलीच नाही."

तिसऱ्या रात्री मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या.
"निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. जा आत,
मी बसते तुझ्या स्टुलावर."

पडदा एवढा मोठा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.
सांगण्यासारखं वाटलं नसेल.

माणूस दोराने खाली उतरला.
बायको काठावर.
आणि डाव्या कोपऱ्यात, बाभळीला टेकून,
एक निळी मोपेड.
कुलूप नाही. किल्ली तशीच लटकतेय, उन्हात लखलखतेय.
पुढचा दीड तास मी तिच्यावरून नजर काढली नाही.
लोक रडले तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो.
एक पोरगं तिच्या जवळून गेलं
तर मी खुर्चीतून अर्धा उठलो, मागचे ओरडले.
माणूस वर आला की नाही, नक्की सांगता येणार नाही.

बाहेर सगळे मलाच घेरून.
नऊ वर्षांत पहिल्यांदा: "काय मग, कसा वाटला?"
मी म्हटलं, "ती मोपेड कुणाची?"
"कसली मोपेड?"

सालिफूने तर दोनदा पाहिला होता.
मास्तर म्हणाले, प्रतीक असणार.
इसूफ म्हणाला, शूटिंगवाल्यांची चुकून राहिली असेल.
आवाने निखारे हलवले. "नवऱ्याची असेल.
घाईने उतरला, किल्ली वर राहिली."
त्यावर कुणी बोललं नाही.
तिखटही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोको एकटीच आली. आकडा सत्तावन्न.
सुटल्यावर सरळ माझ्याकडे, डोळे कोरडे.
"आहे," म्हणाली. "सगळीकडे आहे. बायको पाणी आणते तेव्हा,
भाऊ भांडतो तेव्हा. फक्त शेवटी,
गावकरी दोर ओढतात ना, तेव्हा नाही."
"कुणी नेली?"
"ते नाही दाखवलं."

मी तिच्या सीटवरचा खडू तळहाताने पुसला.
तिने गाडीला किक मारली, मग बंद केली,
किल्ली काढून मुठीत धरली,
थोडा वेळ तशीच बसली.

आज दुसरा लागलाय, विनोदी.
भिंतीवरून हसण्यावर हसणं येतंय.
मी मोपेडी मोजल्या. एकशे त्र्याऐंशी.
पुन्हा मोजल्या.